हाताने पिसलेले पत्ते

जुलैत कुवेतच्या शाळांना सुट्टी असते आणि आमच्याकडे कोकणात पाऊस आणि शाळा दोन्ही जोरात असतात. त्यामुळे बहिणीची मुले येतात तेव्हा त्यांचा सगळा वेळ घरात जातो, आणि माझा शाळेत. यंदा थोरला भाचा येताना एक डबा घेऊन आला. आत प्लास्टिकच्या पाकिटांत एकेक घातलेली शेकडो कार्डे. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाचा खेळ. राक्षस, जादूगार, जंगले, ज्वालामुखी. अम्मीने डब्यात एकदा डोकावून पाहिले आणि तस्बीह घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

आमच्या घरात पत्त्यांचे नाव चांगले नव्हते. अब्बांच्या लेखी पत्ते आणि जुगार ही एकाच गोष्टीची दोन नावे होती. आम्ही मेंढीकोट शिकलो तो शेजारच्या वाड्यात, गणपतीच्या रात्री जागवताना, घरी न सांगता. त्यामुळे पंचेचाळिशीत, स्वतःच्याच ओटीवर, भाच्यासमोर पत्ते घेऊन बसताना मला जरा चोरट्यासारखे वाटले हे कबूल करतो. पण इथे पैसा लावलेला नव्हता, आणि मुलगा मोबाईल सोडून माणसाशी खेळायला तयार झाला होता. मी बसलो.

तो मोबाईल सोडून आला त्याचे कारण मजेशीर होते. हाच खेळ तो ‘अरिना’ नावाच्या ॲपवरही खेळतो. म्हणाला, “मामू, ॲप चीटिंग करतं. पाहिजे तेव्हा लँड येतच नाही. हातानं पिसलं की बरोबर पानं येतात.”

वाक्य ऐकून मला हसू आले नाही, कारण हेच वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांतून वर्षानुवर्षे ऐकतो आहे. ऑनलाइन सोडतीत मुलीचा नंबर लागला नाही की आई म्हणते, “कॉम्प्युटरमध्ये काय भरलेलं असतं कुणाला माहीत.” हजचा कुर्रा कॉम्प्युटरवर निघतो, ज्याचे नाव येत नाही त्याच्या ओसरीवर त्या संध्याकाळी असाच सूर असतो. हाताने चिठ्ठी काढली की नशीब, यंत्राने काढली की सेटिंग. भाच्याने फक्त तेच दुखणे पत्त्यांच्या भाषेत सांगितले. आणि पत्त्यांच्या बाबतीत ते तपासून पाहता येते, म्हणून मी त्याला म्हटले, “पिस बघू.”

आधी खेळ थोडा सांगतो. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितात डॉक्टरेट केलेल्या माणसाने तो बनवला आणि १९९३ मध्ये तो बाजारात आला. प्रत्येक खेळाडू आपली कार्डे आपण निवडून साधारण साठ पानांचा कॅट बांधतो. त्यात चोवीसच्या आसपास ‘लँड’, म्हणजे जमिनीची पाने असतात. जमीन खाली मांडली की तिच्यातून ताकद मिळते आणि त्या ताकदीवर बाकीची पाने खेळता येतात. म्हणजे शेतकऱ्यासारखेच आहे, जमीन नसेल तर हातातले बियाणे नुसते धरून बसायचे. सुरुवातीला सात पाने हातात येतात. त्यात जमीन एकही नसली किंवा एकच असली तर खेळ सुरू होण्याआधीच संपल्यासारखा. या दुर्दशेला खेळाडूंनी खास नाव ठेवले आहे आणि जगभर तेच रडगाणे चालते.

आमच्या गणिताच्या सरांनी मला हिशेब करून दिला. साठ पानांत चोवीस लँड, कॅट अगदी प्रामाणिकपणे पिसलेला, तर पहिल्या सात पानांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता शंभरात चौदा. म्हणजे सात डावांत एकदा. हे वाईट नशीब नाही, हा खेळाचा दर आहे. ओटीवर बसून भाचा संध्याकाळी दोन डाव खेळतो. मोबाईलवर त्याच वेळात दहा होतात. मग कोरडा हात कुठे जास्त वेळा दिसेल? पण सातांत एकदा हे त्याच्या मनाला पटेना. त्याचा हाताचा अनुभव वेगळा सांगत होता, आणि तो खोटे बोलत नव्हता.

म्हणून त्याचे पिसणे बघणे महत्त्वाचे होते. डाव संपला की त्याने समोर मांडलेली सगळी लँड गोळा केली, उरलेली पाने गोळा केली. मग दोन इतर पाने, एक लँड, दोन इतर, एक लँड असे नीट विणत कॅट रचला. नंतर डाव्या हातात कॅट धरून उजव्या हाताने वरचे झुबके खाली टाकत चार-पाच वेळा पिसला, आपण सगळेच पिसतो तसा. आणि माझ्यापुढे ठेवला, “काटा मामू.”

मी विचारले, “हे विणलंस कशाला?”

“एकत्र गठ्ठा येऊ नये म्हणून.”

“मग पिसलंस कशाला?”

तो गप्प झाला. प्रश्नात सगळे आले होते. पिसण्याने जर पाने खरोखर मिसळली, तर आधी विणले काय आणि न विणले काय, सारखेच. ती मेहनत वाया. आणि विणल्याचा जर नंतर उपयोग होत असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की पिसणे अपुरे पडले आणि त्याने कॅट लावून ठेवला. पहिल्या शक्यतेत तो वेळ घालवत होता, दुसऱ्या शक्यतेत, नकळत का होईना, तोच चीटिंग करत होता. या खेळाच्या स्पर्धांमध्ये असे विणून वरवर पिसलेला कॅट पुढे केला तर ती लबाडीच धरतात, आणि म्हणूनच समोरच्या खेळाडूला तुमचा कॅट स्वतः पिसण्याचा हक्क असतो.

आपल्या साध्या पत्त्यांतही हे रोज घडते, फक्त आपण लक्ष देत नाही. मेंढीकोटात हात जिंकला की चारही पाने एकावर एक ठेवतात. ती बहुतेक एकाच रंगाची असतात, चार इस्पिक, मग चार बदाम. डाव संपला की असे चार-चारचे गठ्ठे एकत्र होतात. दोन-तीनदा वरवर पिसून चौघांना एकेक पान वाटले की काय होते? गठ्ठ्यातली चार इस्पिक चौघांना एकेक जातात. प्रत्येकाच्या हातात चारही रंग थोडे थोडे, गुळगुळीत. आपल्याला वाटते, वा, छान पिसले. खरे तर पिसलेच गेलेले नसते. ब्रिज खेळणाऱ्यांमध्ये हा वाद फार जुना आहे. स्पर्धांमध्ये कॉम्प्युटरने पाने वाटायला सुरुवात झाली तेव्हा अनुभवी खेळाडूंनी तक्रार केली की हे वाटप विचित्र आहे, एकेका हातात सात-सात पाने एकाच रंगाची येतात. तज्ज्ञांनी तपासले तर कॉम्प्युटरचे वाटप गणितात बसत होते. विचित्र होते ते आधीचे, आयुष्यभराच्या आळशी पिसण्याचे. पण आयुष्यभर तेच पाहिले म्हणून तेच नैसर्गिक वाटत होते.

मला या गोष्टीचा विचार करताना आपल्याच अनेक सवयी आठवल्या. पण तो विषय वेगळा, इथे नको.

किती पिसले म्हणजे पुरे, याचेही उत्तर आहे. पर्सी डायाकोनिस हा अमेरिकी गणितज्ञ चौदाव्या वर्षी घर सोडून जादूगाराबरोबर फिरला आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाला. त्याने आणि डेव्ह बायर यांनी १९९२ मध्ये बावन्न पानांचा हिशेब मांडला. कॅटचे दोन भाग करून, अंगठ्यांनी पाने फरफर एकमेकांत सोडायची, असे साधारण सात वेळा करावे लागते. आमच्या गणिताच्या सरांनी यातला एक भाग मला अगदी शाळकरी भाषेत समजावला. पाने एक ते साठ अशी ओळीने लावली आहेत असे समजा. एकदा अशी सोडली की कॅटमध्ये जास्तीत जास्त दोन ओळी एकमेकांत गुंततात, दुसऱ्यांदा चार, मग आठ, सोळा, पाचव्यांदा बत्तीस. पण कॅट पूर्ण उलटा व्हायचा तर साठ ओळी लागतात, प्रत्येक पान आपली आपली ओळ. म्हणजे पाच वेळा पिसून कॅट उलटा होणे अशक्यच आहे. आणि असे अशक्य राहिलेले क्रम एक-दोन नाहीत, अगणित आहेत. पाच वेळा पिसून आपण ‘काहीही येऊ शकते’ म्हणतो तेव्हा ते खरे नसते.

आणि हे झाले चांगल्या पिसण्याचे. आपण घरी करतो ते झुबके टाकून पिसणे त्याच्या जवळपासही जात नाही. त्यात झुबक्यातली पाने शेजारी शेजारीच राहतात. त्या पद्धतीने कॅट खरोखर मिसळायचा तर गणित हजारोंच्या घरात जाते. भाच्याने चार-पाच वेळा केले होते.

यापेक्षा जमिनीवर पाने पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवणे बरे. लहान मुले करतात आणि आपण त्यांना हसतो. आपल्याकडे सावंतवाडीला गंजिफा अजून रंगवतात. गोल, लाखेच्या, दशावताराच्या एकशेवीस पानांच्या. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. म्हणजे मोगलांबरोबर आलेला खेळ, फार्सी नाव, आणि पानांवर मत्स्य-कूर्म-वराह. ती गोल पाने अंगठ्यांनी फरफर सोडता येत नाहीत. कापडावर पसरून कालवावी लागतात. जुने लोक नकळत योग्य तेच करत होते.

मग कॉम्प्युटर काय करतो? त्याची रीत १९३८ मध्ये फिशर आणि येट्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी कागद-पेन्सिलीसाठी लिहिली होती, कॉम्प्युटर यायच्या आधी. सगळ्या पानांतून एक कोणतेही उचल, बाजूला ठेव. उरलेल्यांतून पुन्हा एक कोणतेही उचल. संपेपर्यंत. बस. एकदाच करायचे, सात वेळा नाही. प्रत्येक क्रम येण्याची संधी अगदी सारखी. हे म्हणजे चिठ्ठ्या काढण्यासारखेच आहे, फक्त डबा कधीही नीट न हललेला नसतो.

इथपर्यंत आलो तेव्हा भाचा म्हणाला, “म्हणजे ॲप बरोबर आणि मी चूक.” मी हो म्हणणार होतो. पण तेवढे सोपे नाही, आणि शिक्षकाने मुलाला अर्धे सत्य सांगून जिंकू नये.

रीत बरोबर असून यंत्र चुकू शकते. १९९९ मध्ये ‘प्लॅनेट पोकर’ नावाच्या ऑनलाइन पत्त्यांच्या ठिकाणी तसे उघड झाले होते. त्या कंपनीने आमचे पिसणे बघा किती न्याय्य आहे म्हणून प्रोग्रॅमच जाहीर केला. काही सॉफ्टवेअर अभियंत्यांनी तो वाचला आणि कपाळाला हात लावला. बावन्न पानांचे क्रम लिहायचे तर अडुसष्ट आकडी संख्या होते. पण त्यांचे यंत्र जिथून सुरुवात करायचे तो आकडा मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावरून घ्यायचे. दिवसात मिलिसेकंद असतात आठ कोटी चौसष्ट लाख. म्हणजे अडुसष्ट आकडी समुद्रातून फक्त एवढेच कॅट बाहेर येऊ शकत होते. घड्याळ जुळवले आणि हातातली आणि टेबलावरची पाने पाहिली की पुढची सगळी पाने त्यांना ओळखता येत होती. प्रत्यक्ष पिसण्याच्या रीतीतही चूक होती. प्रत्येक पानाची कोणत्याही जागेशी अदलाबदल करायची, अशी. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण तीनच पाने घेऊन पाहा. प्रत्येक पावलाला तीन पर्याय, तीन पावले, म्हणजे सत्तावीस वाटा. आणि तीन पानांचे क्रम सहाच. सत्तावीसला सहाने भाग जात नाही, म्हणजे काही क्रमांच्या वाट्याला जास्त वाटा येणारच. आठवीतले मूल हे समजू शकते. व्यावसायिक लोक चुकले होते.

तेव्हा ‘कॉम्प्युटरमध्ये काय भरलेलं असतं कुणाला माहीत’ म्हणणारी आई अडाणी नाही. तिचा प्रश्न बरोबर आहे. तिने त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

आणि अरिनाचे काय? तिथे तर आणखीच गंमत. एकाच डावाच्या सामन्यात ते ॲप सुरुवातीचे एकापेक्षा जास्त हात आतल्या आत काढते आणि त्यातला, कॅटमधल्या लँडच्या प्रमाणाशी जास्त जुळणारा हात तुम्हाला देण्याकडे झुकते. कंपनीने हे स्वतः सांगितले आहे. तीन डावांच्या सामन्यात मात्र असे काही नाही, तिथे सरळ पिसणे. भाचा खेळतो ते एका डावाचे. म्हणजे ॲप त्याच्याशी चीटिंग करतच असेल तर ती त्याच्या बाजूने करते! हे सांगितल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्या सातांत एकदाच्या कोरड्या हाताची चर्चा आम्ही केली, तो त्याच्या वाट्याला त्याहूनही कमी वेळा येत होता, आणि तरी त्याला अन्याय वाटत होता.

धाकटा भाचा ‘पोकेमॉन’चे ॲप खेळतो, वीस पानांचे, २०२४ च्या ऑक्टोबरात आलेले. त्यात सुरुवातीच्या हातात किमान एक साधा पोकेमॉन असेलच याची सोय केलेली आहे. कागदी खेळात तसा नसेल तर पाने दाखवून पुन्हा पिसावी लागतात. मला ही सोय वाईट वाटत नाही. नियम जाहीर आहे, दोघांना सारखा आहे. पण एक होते की मुलांना खऱ्या योगायोगाचा स्वभाव कळेनासा होतो. त्यांना सुधारलेला, कडा घासलेला योगायोगच खरा वाटू लागतो.

वर्गात मी एक प्रयोग करतो, मराठीच्या तासाला, म्हणी शिकवताना. अर्ध्या मुलांना सांगतो, नाणे शंभर वेळा उडवा आणि छापा-काटा लिहा. उरलेल्यांना सांगतो, न उडवता मनाने लिहा. मी बाहेर जातो, परत येतो, आणि कोणती वही कोणत्या गटाची ते बहुतेक बरोबर ओळखतो. मुलांना वाटते सरांना इल्म आहे. इल्म काही नाही. खऱ्या नाण्यात शंभरात कुठेतरी सलग सहा छापे किंवा सहा काटे येतात, दहापैकी आठ वेळा तरी. मनाने लिहिणारा तीन-चार छाप्यांनंतर घाबरतो आणि काटा लिहितो. त्याला वाटते, सलग सहा म्हणजे कुणाला खरे वाटणार नाही.

हे मी इतक्या आत्मविश्वासाने लिहितो आहे, पण माझ्या हातून घडलेले एक सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका सद्गृहस्थांनी शाळेतल्या लांबून चालत येणाऱ्या मुलींसाठी सहा सायकली दिल्या. पात्र मुली चव्वेचाळीस. कुणाला द्यायच्या? मी म्हटले चिठ्ठ्या टाकू, सर्वांसमोर, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. हजेरीपट घेऊन बसलो, पहिल्या नंबरपासून नावे लिहिली, घडी घातली, जेवणाच्या स्टीलच्या डब्यात टाकली. डबा भरला. झाकण लावून दोन-चार वेळा हलवला. पहिलीतल्या एका मुलाच्या हातून सहा काढल्या. टाळ्या झाल्या.

सहापैकी पाच मुली तिसाव्या नंबरनंतरच्या होत्या. मला काहीच वाटले नाही. हजेरीतली सातवी मुलगी, चार किलोमीटरवरून येणारी, डबा उचलताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “सर, वरच्या वरच्याच निघाल्या.” मी तिला म्हटले, “बेटा, नशीब असतं ज्याचं त्याचं.” असे म्हणून एका बरोबर निरीक्षणाला मी गप्प केले. तिने डब्यात पाहिले होते. मी हजेरीपटात पाहत होतो.

पुष्कळ दिवसांनी मी १९६९ ची गोष्ट वाचली. अमेरिकेत व्हिएतनामच्या लढाईसाठी कुणाला आधी बोलवायचे हे ठरवायला १ डिसेंबरला जन्मतारखांची सोडत काढली. तीनशे सहासष्ट तारखा प्लास्टिकच्या कुप्यांत घातल्या, जानेवारीपासून ओळीने. कुप्या नीट मिसळल्याच गेल्या नाहीत. डिसेंबरच्या एकतीस तारखांपैकी सव्वीस यादीच्या पहिल्या अर्ध्यात आल्या. शेवटी टाकलेल्या, वरच राहिलेल्या. टीव्हीवर, देशभर लोकांच्या डोळ्यांसमोर, हाताने काढलेली सोडत होती ती. त्यावर मुलांचे लढाईला जाणे ठरले. संख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिल्यावर पुढच्या वर्षी पद्धत बदलली.

वाचून मी उठलो आणि त्या वर्षीचा जुना हजेरीपट शोधला. गणिताच्या सरांकडून हिशेब करून घेतला. चव्वेचाळीसमधून सहा काढताना पाच किंवा सहा तिसाव्या नंबरनंतरच्या निघण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक. नशिबाला बोल लावायला जागा होती असे कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. मी डबा हलवताना पाहिले आहे. चिठ्ठ्या हलायला आत जागाच नव्हती. ती मुलगी दहावीनंतर शिकली नाही. सायकल असती तर शिकली असती असा दावा मी करत नाही. पण तिला तिची संधी चव्वेचाळिसात सहा एवढी मिळायला हवी होती, आणि मी ती दिली नाही. आणि वर नशिबाचे नाव घेतले. उर्दूत आम्ही ज्याला ‘अमानत में ख़यानत’ म्हणतो ते हेतू वाईट नसतानाही होऊ शकते, हे मला त्या डब्याने शिकवले.

तेव्हा यंत्राच्या बाजूने माझे मत पक्के आहे, पण एका अटीवर. ओटीवरच्या पत्त्यांत एक फार जुनी, शहाणी गोष्ट आहे. पिसणारा कॅट समोरच्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, काट. काटल्याने पाने काही फारशी मिसळत नाहीत, गणिताच्या दृष्टीने ते जवळपास काहीच नाही. पण त्यात दुसऱ्याचा हात लागतो. लावून ठेवलेल्या कॅटचा बेत त्याने फसू शकतो. ॲपमध्ये, ऑनलाइन सोडतीत, कुणाचाच हात लागत नाही. बटण दाबले, यादी आली. मला वाटते लोकांचे दुखणे पिसण्याचे नाहीच, काटण्याचे आहे. सुरुवातीचा आकडा सोडतीआधी बंद पाकिटात ठेवा, त्यात चार पालकांकडून चार आकडे घेऊन मिळवा, प्रोग्रॅम उघड ठेवा, नंतर कुणालाही तोच आकडा घालून तीच यादी काढून पाहता येऊ द्या. हे अवघड नाही. एवढे केले तर ज्याचे नाव आले नाही तो ओसरीवर बसून दुःख करेल, संशय करणार नाही. दुःख आणि संशय यात फार फरक आहे.

मुलांच्या खेळाबद्दल पालकांना एवढेच सांगेन, की पिसण्याच्या नावाने ओरडू नका. तिथे कंपनीला लबाडी करून काही मिळत नाही. नजर ठेवायची तर बंद पाकिटांवर ठेवा. ज्यात कोणते कार्ड निघेल हे फाडल्याशिवाय कळत नाही आणि हवे ते निघाले नाही की मूल दुसरे मागते, कागदी असो की मोबाईलवरचे. अब्बांचा संशय पत्त्यांवर होता. आज असते तर पाकिटावर असता, आणि मी त्यांच्या बाजूला बसलो असतो.

यंदा पुन्हा सहा सायकली आल्या. मुली एकेचाळीस. मी मोबाईलवर आकडे काढतो म्हटले तर आयांनी एका सुरात नकार दिला, “मोबाईल नको सर, चिठ्ठ्याच टाका.” ठीक. सारख्या मापाचे कागद कापले, शाळेची मोठी बादली घेतली, तळाशी चिठ्ठ्या, वर रिकामी जागा. मी हात लावला नाही. मुलींनीच दोन मिनिटे कालवल्या, भाचा बाजूला उभा राहून “अजून, अजून” म्हणत होता. सहा निघाल्या. त्यात सतरा आणि अठरा असे दोन शेजारचे नंबर, आणि त्या सख्ख्या चुलत बहिणी.

दुसऱ्या दिवशी एक पालक आले. बसले नाहीत. “सर, एकाच घरात दोन कशा काय गेल्या?”

एकेचाळीसमधून सहा काढले तर कुठलेतरी दोन नंबर शेजारी येणे अर्ध्याहून जास्त वेळा घडते, हे मला तोपर्यंत पाठ झाले होते. ते मी सांगितले नाही. बादली कपाटात तशीच ठेवली होती. ती काढून त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली. त्यांनी खुर्ची ओढली आणि उरलेल्या पस्तीस चिठ्ठ्या एकेक उघडून, नाव मोठ्याने वाचून, हजेरीपटाशी ताडून पाहिल्या. अर्धा तास गेला. त्यांच्या मुलीची चिठ्ठी एकोणतिसावी निघाली. ती त्यांनी थोडा वेळ हातात धरली, पुन्हा घडी घातली, आणि मी मागवलेला चहा घेतला.